पदवी ते पहिले काम : लहान गावातील महाविद्यालय आणि रोजगार मार्गदर्शन

महाविद्यालयाने पदवी द्यावी आणि पदवीने नोकरी मिळवून द्यावी, हा हिशेब महाराष्ट्रातील ग्रामीण कुटुंबांनी दोन-तीन पिढ्या मनाशी धरलेला आहे. मात्र गुणपत्रिका हाती पडल्यापासून पहिला पगार खात्यात जमा होईपर्यंतच्या काळात विद्यार्थ्याला वाट दाखवण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न त्या हिशेबात फारसा मांडला गेला नाही. ही जबाबदारी काही अंशी महाविद्यालयाचीच आहे, या विचारातून ‘करिअर मार्गदर्शन कक्ष’, ‘प्लेसमेंट सेल’ किंवा ‘रोजगार मार्गदर्शन केंद्र’ अशा नावांची व्यवस्था उभी राहिली. मोठ्या शहरांतील अभियांत्रिकी आणि व्यवस्थापन महाविद्यालयांत ती आता सर्वपरिचित आहे. कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखांचे शिक्षण देणाऱ्या लहान गावातील महाविद्यालयात मात्र ती अनेकदा सूचना फलकापुरती उरते, आणि वस्तुतः तिची खरी गरज असते ती तेथेच.

पंचगंगा आणि कृष्णा यांच्या संगमाच्या परिसरातले कुरुंदवाड हे या दृष्टीने विचार करण्याजोगे गाव आहे. एके काळी पटवर्धनांच्या संस्थानाचे ठिकाण असलेले आणि आज शिरोळ तालुक्यात मोडणारे हे गाव ऊस, दूध, भाजीपाला आणि सहकारी संस्था यांच्या आधाराने उभे आहे. शिवाजी विद्यापीठाशी संलग्न असलेले सहकारभूषण एस. के. पाटील महाविद्यालय येथे आहे, आणि हेरवाड, तेरवाड, अकिवाट, मजरेवाडी, शिरढोण अशा भोवतालच्या गावांतील मुलामुलींना पदवीसाठी घर सोडून जावे लागत नाही. जयसिंगपूर, इचलकरंजी, सांगली आणि मिरज ही ठिकाणे एसटीच्या टप्प्यात आहेत, तर दक्षिणेला काही अंतरावर कर्नाटकाची सीमा लागते. म्हणजे रोजगाराची केंद्रे जवळ आहेत, महाविद्यालयही जवळ आहे. जे दूर आहे ते या दोहोंमधील संबंधाचे ज्ञान. हे अंतर कमी करणे हेच अशा गावातील मार्गदर्शन कक्षाचे मुख्य काम ठरते.

कल्पनेचा प्रवास

विद्यापीठाने आपल्या पदवीधरांना काम मिळवून देण्यासाठी स्वतंत्र यंत्रणा ठेवावी, ही कल्पना सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाने १८९२ साली पदवीधरांच्या नेमणुकांसाठी एक समिती स्थापन केली. अमेरिकेत फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ साली बोस्टन शहरात व्यवसाय मार्गदर्शनाची कचेरी उघडली आणि पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात या शास्त्राची पायाभूत मांडणी केली. पार्सन्स यांच्या मते योग्य व्यवसायाच्या निवडीसाठी तीन गोष्टी लागतात : स्वतःच्या आवडी, क्षमता आणि मर्यादा यांची जाण, वेगवेगळ्या कामांच्या अटी, मोबदला आणि संधी यांची माहिती, आणि या दोहोंची सांगड घालणारा विचार. शंभर वर्षांनंतरही या मांडणीचा गाभा बदललेला नाही.

भारतात दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून मोकळ्या झालेल्या जवानांचे पुनर्वसन करण्यासाठी १९४५ साली सेवायोजन कार्यालये, म्हणजे सामान्य बोलीतील ‘एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज’, सुरू झाली. १९५६ साली त्यांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे आला, आणि १९५९ च्या कायद्याने ठरावीक आस्थापनांना आपली रिक्त पदे या कार्यालयांना कळवणे बंधनकारक झाले. पुढे विद्यापीठांतही रोजगार माहिती व मार्गदर्शन केंद्रे उघडली गेली. सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवून ‘कॉल’ येण्याची वाट पाहणारी एक संपूर्ण पिढी महाराष्ट्राने पाहिली. आज त्या कार्यालयाचे रूपांतर जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात झाले असून नोंदणी ‘महास्वयंम’ या संकेतस्थळावर होते. तरीही नाव नोंदवले म्हणजे आपले काम संपले, ही जुनी समजूत अनेक घरांत टिकून आहे.

शिक्षण आणि उपजीविका यांची सांगड घालण्याचा विचार कोल्हापूरच्या मातीला परका नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभी करण्यास चालना दिली आणि २६ जुलै १९०२ च्या आदेशाने संस्थानच्या नोकऱ्यांतील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. शिकण्याची सोय आणि शिकल्यानंतरची संधी या दोन्ही गोष्टी एकत्र हाताळल्याशिवाय शिक्षण खालच्या थरापर्यंत झिरपत नाही, ही जाण या दोन निर्णयांमागे स्पष्ट दिसते. हातकणंगले तालुक्यातील कुंभोज येथे जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्थेची स्थापना करून ‘कमवा आणि शिका’ हे सूत्र रुजवले, आणि श्रम हा शिक्षणाचाच भाग आहे हे हजारो मुलांच्या अंगवळणी पाडले.

खुद्द कुरुंदवाडचा दाखला अधिक बोलका आहे. १८ ऑगस्ट १८७२ रोजी येथे जन्मलेल्या विष्णू दिगंबर पलुस्कर यांची दृष्टी लहानपणी फटाक्याच्या अपघातात अधू झाली, त्यामुळे नेहमीच्या शालेय शिक्षणाची वाट खुंटली, आणि त्यांना मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे गायन शिकण्यासाठी ठेवण्यात आले. एका मुलाची अडचण आणि त्याची उपजत क्षमता ओळखून त्याला योग्य गुरूपर्यंत पोहोचवण्याची ही गोष्ट आजच्या भाषेत व्यवसाय मार्गदर्शनाचीच म्हणावी लागेल. त्याहून महत्त्वाचे आहे ते पलुस्करांचे पुढील कार्य. ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन करताना त्यांनी संगीत दरबाराच्या आश्रयातून लोकाश्रयाकडे आणले, आणि संगीतशिक्षक तयार करण्यासाठी उपदेशक वर्ग चालवला. त्यांचे शिष्य निरनिराळ्या गावी जाऊन शिकवू लागले, संस्था काढू लागले. विनायकराव पटवर्धनांनी १९३२ साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले ते याच परंपरेत. गवयाला राजाच्या मर्जीवर अवलंबून न राहता आपल्या विद्येवर प्रतिष्ठेने पोट भरता यावे, यासाठी अभ्यासक्रम, परीक्षा आणि नेमणूक यांची साखळी पलुस्करांनी उभी केली होती. विद्या शिकवणाऱ्या संस्थेने त्या विद्येच्या बाजाराचाही विचार केला पाहिजे, हा धडा कुरुंदवाडच्या या सुपुत्राने शंभर वर्षांपूर्वीच दिलेला आहे.

ओळखीचे भांडवल

मार्गदर्शन कक्षाचे महत्त्व समजण्यासाठी नोकऱ्या प्रत्यक्षात कशा मिळतात, हे पाहणे आवश्यक आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवून दिले की, ओळखीतून नोकरी मिळवणाऱ्या लोकांना तिची माहिती बहुधा जवळच्या नातेवाइकांकडून किंवा रोजच्या मित्रांकडून न मिळता क्वचित भेटणाऱ्या, दूरच्या परिचितांकडून मिळालेली असते. याचे कारण सरळ आहे. जवळची माणसे आपल्याच वर्तुळात वावरतात, म्हणून त्यांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊक असते. नवी बातमी येते ती वर्तुळाबाहेरून.

हा सिद्धांत शिरोळ तालुक्यातील एखाद्या शेतकरी किंवा यंत्रमाग कामगार कुटुंबाला लावून पाहिला, की पहिल्या पिढीतील पदवीधराची अडचण लख्ख दिसते. पुण्यातील मध्यमवर्गीय घरातील विद्यार्थ्याच्या ओळखीत एखादा सनदी लेखापाल असतो, मावशी बँकेत असते, शेजारी माहिती तंत्रज्ञान कंपनीत असतो. कोणत्या पदवीनंतर काय करावे, कोणत्या महिन्यात अर्ज निघतात, मुलाखतीत काय विचारतात, हे तो जेवताजेवता ऐकत मोठा होतो. ग्रामीण विद्यार्थ्याच्या घरात प्रेम आणि कष्ट यांची उणीव नसते, पण ही माहिती तेथे नसते, आणि म्हणून त्याच्यापुढे तीनच वाटा उभ्या राहतात : भरती, स्पर्धा परीक्षा किंवा कोणाचा तरी वशिला. बुद्धी सारखी असूनही निवडीचा पल्ला आखूड राहतो तो असा. मार्गदर्शन कक्ष हा या तुटीवरचा उपाय आहे. जी ओळख श्रीमंत किंवा शिकलेल्या घरांत वारशाने मिळते, ती संस्थेच्या मार्फत सर्वांना खुली करून देणे, हे त्याचे सामाजिक प्रयोजन आहे.

या प्रयोजनातून कक्षाची तीन कामे निघतात. पहिले समुपदेशन, म्हणजे विद्यार्थ्याशी समोरासमोर बोलून त्याचा कल, घरची परिस्थिती आणि तयारी समजून घेणे. राज्यात दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६ पासून काही वर्षे कल चाचणी घेतली गेली, तिचा हेतूही हाच होता. मात्र चाचणी केवळ दिशा सुचवते, निर्णयासाठी जाणत्या माणसाशी संवादच लागतो. दुसरे काम तयारीचे : अर्ज, बायोडाटा, मुलाखत, गटचर्चा, संगणक आणि इंग्रजीचा कामापुरता सराव. तिसरे काम संधींशी जोडून देण्याचे, म्हणजे कंपन्या, बँका, कारखाने आणि माजी विद्यार्थी यांच्याशी संबंध ठेवून त्यांना महाविद्यालयात आणणे किंवा विद्यार्थ्यांना त्यांच्यापर्यंत नेणे. बहुतेक ठिकाणी तिसऱ्या कामाचा गाजावाजा होतो आणि पहिली दोन कामे मागे पडतात. परिणामी शेवटच्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यात कंपनी येते, मुले सभागृहात जमतात आणि तयारीअभावी पहिल्याच फेरीत बाहेर पडतात.

आसपासच्या कामांचा नकाशा

कुरुंदवाडसारख्या गावातील कक्षाने सर्वप्रथम आपल्या परिसराचा रोजगार नकाशा तयार केला पाहिजे. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग सुरू झाला आणि पुढे ते वस्त्रोद्योगाचे मोठे केंद्र बनले. तेथे सूतगिरण्या, सायझिंग, यंत्रमाग, प्रोसेसिंग आणि तयार कपडे अशी साखळी आहे, आणि मागावरच्या कामगाराखेरीज तिला हिशेबनीस, गुणवत्ता तपासनीस, भांडारपाल, निर्यातीची कागदपत्रे सांभाळणारे कर्मचारी लागतात. कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहतींत ओतकाम व यंत्रभागांचे कारखाने आहेत. हुपरीला चांदीचा व्यवसाय आहे. मिरज हे वैद्यकीय सेवेचे जुने केंद्र असल्याने रुग्णालयांना प्रयोगशाळा साहाय्यक, विमा दाव्यांचे काम पाहणारे आणि नोंदी ठेवणारे पदवीधर लागतात. पतसंस्था, सहकारी बँका, दूध संस्था आणि बाजार समित्या यांचे जाळे तर तालुकाभर पसरलेले आहे.

साखर कारखान्याचे उदाहरण जरा जवळून पाहण्यासारखे आहे, कारण उसाच्या पट्ट्यातील विद्यार्थ्याला कारखान्याची चिमणी रोज दिसते, पण तिच्या खाली चालणाऱ्या प्रयोगशाळेची कल्पना नसते. गळीत हंगामात तेथे पाळ्यांमध्ये काम करणारा लॅब केमिस्ट रसाचे नमुने घेऊन ‘ब्रिक्स’, म्हणजे रसात विरघळलेल्या एकूण घन पदार्थांचे प्रमाण, आणि ‘पोल’, म्हणजे त्यातील शर्करेचे प्रमाण मोजत असतो. शेतकऱ्याच्या बिलाशी थेट निगडित असलेला साखर उतारा अखेर अशाच मोजमापांतून ठरतो. रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झालेल्या विद्यार्थ्याला या कामात प्रवेश मिळू शकतो, आणि पुण्याजवळ मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमधील साखर तंत्रज्ञान किंवा मद्यार्क तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम पूर्ण केला, तर मॅन्युफॅक्चरिंग केमिस्टच्या पदापर्यंतची वाट खुली होते. इथेनॉलच्या उत्पादनामुळे आसवनी प्रकल्पांतही अशा माणसांची गरज असते. हंगामी काम, रात्रपाळी, बिगरहंगामात करायचे काय, या अडचणीही त्याच वेळी सांगितल्या पाहिजेत; मार्गदर्शन आणि जाहिरात यांत फरक आहे तो हाच.

शेतीशी जोडलेली कामेही याच नकाशात येतात. अतिरिक्त पाणी आणि निचऱ्याचा अभाव यांमुळे शिरोळ तालुक्यातील बरीच जमीन क्षारपड झाली, आणि जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून ती पुन्हा लागवडीखाली आणण्याचे प्रयत्न तालुक्यात झाले आहेत. मातीचे नमुने घेणे, त्यांचा सामू आणि क्षारता तपासणे, सुधारणेपूर्वीच्या व नंतरच्या उत्पन्नाच्या नोंदी करणे, ही कामे भूगोल, रसायनशास्त्र आणि अर्थशास्त्र या तिन्ही विषयांच्या विद्यार्थ्यांना जमण्यासारखी आहेत, आणि त्यांतून पुढे माती परीक्षण प्रयोगशाळा, कृषी निविष्ठा कंपन्या किंवा स्वतःचे सेवा केंद्र असे मार्ग निघू शकतात.

अभ्यासक्रमातच आलेली संधी

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रात लागू झालेल्या पदवी अभ्यासक्रमात कौशल्याधारित विषय, क्षेत्र प्रकल्प आणि ‘ऑन जॉब ट्रेनिंग’, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी घ्यायचे प्रशिक्षण, यांना श्रेयांक देण्यात आले आहेत. श्रेयांक म्हणजे अभ्यासाच्या तासांवरून ठरणारे एकक, आणि ते पुरेसे जमले तरच पदवी मिळते. याचा अर्थ असा की, कामाचा अनुभव आता हौसेचा भाग राहिलेला नाही. धोका एवढाच, की ओळखीच्या दुकानातून शिक्का मारून आणलेल्या प्रमाणपत्रावर ही अट भागवली जाण्याची शक्यता असते. कक्षाने कारखाने, पतसंस्था, लेखापालांची कार्यालये आणि रुग्णालये यांच्याशी आधीच बोलणी करून विद्यार्थ्याला कोणते काम दिले जाईल, त्यावर देखरेख कोण करील आणि शेवटी त्याचे मूल्यमापन कसे होईल, हे लेखी ठरवले, तर याच प्रशिक्षणातून पहिली नोकरी निघण्याचा संभव मोठा असतो.

पदवीनंतरचा पुढचा टप्पा शिकाऊ उमेदवारीचा आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याची ओळख बहुतेकांना आयटीआयपुरतीच असते. प्रत्यक्षात सुधारित नियमांनुसार कला, वाणिज्य व विज्ञान शाखांचे पदवीधरही शिकाऊ उमेदवार म्हणून काम करू शकतात, आणि २०१९ च्या नियमांत पदवीधरासाठी दरमहा किमान ९,००० रुपये विद्यावेतन ठरवण्यात आले होते. राज्य शासनाने २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना जाहीर केली, तिच्यात बारावी उत्तीर्णांना ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये मासिक विद्यावेतनाची तरतूद होती. विद्यावेतन म्हणजे पगार नव्हे आणि प्रशिक्षण म्हणजे कायम नोकरीचे आश्वासन नव्हे, हे विद्यार्थ्याला आरंभीच समजावून सांगितले, तर पुढचा अपेक्षाभंग टळतो. अशा योजनांच्या अटी आणि मुदती बदलत असल्यामुळे ताजी माहिती फलकावर लावणे हेसुद्धा कक्षाचे नित्याचे काम ठरते.

बायोडाटा, मुलाखत आणि नेमणूकपत्र

तयारीचे काम किती तपशिलात शिरून करावे लागते, हे बायोडाटाच्या एका ओळीवरून दाखवता येईल. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी बहुधा ‘संगणकाचे ज्ञान, हिशेबाची आवड’ असे लिहितो, आणि ही ओळ वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही. त्याच विद्यार्थ्याने घरच्या कृषी सेवा केंद्राची उधारीची खतावणी टॅलीमध्ये नोंदवली असेल, जीएसटीची बिले तयार केली असतील, तर ‘कृषी सेवा केंद्राचे दोन हंगामांचे खरेदी-विक्री व्यवहार टॅलीमध्ये नोंदवले’ असे लिहिणे त्याला सुचत नाही, कारण घरचे काम म्हणजे अनुभव हे त्याला कोणी सांगितलेले नसते. महापुराच्या दिवसांत राष्ट्रीय सेवा योजनेतून निवारा केंद्रावर कुटुंबांच्या याद्या करणे, जनावरांची नोंद ठेवणे, धान्यवाटपाचा हिशेब लिहिणे, ही कामे केलेल्या विद्यार्थ्याच्या बायोडाटात ‘एनएसएस सहभाग’ एवढेच दोन शब्द उरतात. विद्यार्थ्याच्या आयुष्यातले खरे काम शोधून काढून ते कामाच्या भाषेत मांडायला शिकवणे, हे कौशल्य मार्गदर्शकाकडे असले पाहिजे.

सराव मुलाखतीचेही तसेच आहे. ‘स्वतःविषयी सांगा’ या प्रश्नाला नाव, गाव, आईवडील आणि छंद अशी पाठ केलेली इंग्रजी वाक्ये म्हणून दाखवणारा विद्यार्थी पुढच्या साध्या प्रश्नाला अडखळतो. विषय पक्का असेल आणि आधी मराठीत मुद्देसूद बोलण्याची सवय लावली असेल, तर कामापुरते इंग्रजी काही महिन्यांच्या सरावाने येते, असा धीर देणे आवश्यक आहे. नोकरी मिळाल्यानंतर नेमणूकपत्र वाचता येणे हाही तयारीचाच भाग आहे. ‘सीटीसी’ म्हणजे कंपनीला पडणारा एकूण वार्षिक खर्च, आणि हातात येणारी रक्कम त्याहून कमी असते. भविष्य निर्वाह निधीत कर्मचारी आणि मालक यांचा साधारणपणे प्रत्येकी १२ टक्के वाटा असतो. परिविक्षा काळ, राजीनाम्याची पूर्वसूचना आणि करारनाम्यातील बंधपत्र यांचे अर्थ सही करण्यापूर्वी समजले पाहिजेत. नोकरीच्या नावाखाली आधी ‘डिपॉझिट’ किंवा ‘ट्रेनिंग फी’ मागणाऱ्यांपासून सावध करणे हे तर कक्षाचे कर्तव्यच आहे, कारण फसवणूक होते ती बहुधा ज्याला विचारायला कोणी नाही अशाच उमेदवाराची.

भरती, परीक्षा आणि मुली

कोल्हापूर जिल्ह्यात सैन्य आणि पोलीस भरतीचे आकर्षण जुने आहे, आणि पहाटे रस्त्यावर धावणारी मुले हे येथील गावागावांतले परिचित दृश्य आहे. त्याच्या जोडीला अभ्यासिकांत बसून राज्यसेवेची तयारी करणाऱ्यांची संख्याही लक्षणीय असते. सारथी, बार्टी आणि महाज्योती या शासकीय संस्था आपापल्या लक्ष्यगटांतील विद्यार्थ्यांसाठी प्रशिक्षणाच्या योजना राबवतात, सारथीचे उपकेंद्र कोल्हापुरात आहे, आणि राज्यातील महाविद्यालयांत चालणाऱ्या ‘करिअर कट्टा’ या उपक्रमातून अधिकारी व उद्योजक यांच्याशी ऑनलाइन संवादाची सोय झाली आहे. या सर्वांची माहिती कक्षाने द्यावीच. पण त्याबरोबर जागा किती, उमेदवार किती, वयोमर्यादा काय आणि किती प्रयत्नांनंतर दुसरी वाट धरायची, हा हिशेबही विद्यार्थ्यासमोर मांडावा. तयारी सोडून दे, असे सांगणे मार्गदर्शकाचे काम नाही; तयारीची मुदत आणि तिच्या जोडीची दुसरी सोय आधीच ठरवून घे, असे सांगणे मात्र त्याचे काम आहे.

मुलींच्या बाबतीत कक्षाचे काम घरापर्यंत पोहोचते. गावातच महाविद्यालय असल्यामुळे मुली पदवीपर्यंत शिकतात, पण नोकरीसाठी रोज इचलकरंजी किंवा सांगलीला जाण्याचा विषय निघाला की अंतर, परतीची वेळ आणि लग्नाची बोलणी एकदम पुढे येतात. राज्य शासनाने मार्च २०२३ पासून एसटीच्या भाड्यात महिलांना ५० टक्के सवलत दिल्याने खर्चाचा प्रश्न काहीसा हलका झाला. सुरक्षिततेचा आणि विश्वासाचा प्रश्न मात्र पालकांशी बोलूनच सुटतो. पालकांची सभा घेऊन कामाचे ठिकाण, पाळीची वेळ, सोबत जाणाऱ्या इतर मुली आणि तेथे आधीपासून काम करणाऱ्या माजी विद्यार्थिनी यांची माहिती दिली, तर नकाराचे होकारात रूपांतर होण्याची शक्यता वाढते.

मर्यादा आणि अपेक्षा

मार्गदर्शन कक्ष नोकऱ्या निर्माण करत नाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. अनुदानित महाविद्यालयांत प्राध्यापकांची पदे रिक्त असतात, अनेक जण तासिका तत्त्वावर शिकवतात, आणि कक्षाचा समन्वयक बहुधा आपल्या विषयाचे अध्यापन सांभाळून हा अतिरिक्त कार्यभार वाहत असतो. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद, म्हणजे ‘नॅक’, महाविद्यालयाचे मूल्यमापन करताना विद्यार्थी सहाय्य आणि प्रगती या निकषाखाली नोकरीला लागलेल्या व पुढील शिक्षणाला गेलेल्या विद्यार्थ्यांची माहिती मागते. यामुळे कक्ष स्थापन होतात हे चांगलेच, पण सगळे लक्ष अहवालातील आकड्यावर गेले की विद्यार्थी बाजूला राहतो. मेळाव्यात मिळालेली पत्रे मोजण्यापेक्षा वर्षभरानंतर त्या नोकरीत किती जण टिकले आणि जे सोडून आले ते का आले, याची नोंद ठेवणे अधिक उपयोगाचे आहे.

सुदैवाने या कामाला इमारत किंवा मोठा निधी लागत नाही. माजी विद्यार्थी कोठे आणि कोणत्या कामावर आहेत याची अद्ययावत नोंदवही, ठरलेल्या वारी व ठरलेल्या वेळी उघडी असणारी एक खोली, परिसरातील आस्थापनांशी वर्षभर चालणारा पत्रव्यवहार आणि पहिल्या वर्षापासून प्रत्येक विद्यार्थ्याशी निदान एकदा सविस्तर बोलणे, एवढ्यावरही कक्ष उभा राहतो. एका महाविद्यालयाची विद्यार्थीसंख्या मोठ्या कंपनीला आकर्षित करण्यास अपुरी पडत असेल, तर शिरोळ आणि हातकणंगले तालुक्यांतील महाविद्यालयांनी एकत्र येऊन संयुक्त मेळावे घ्यावेत आणि आपल्या नोंदी एकमेकांना उपलब्ध करून द्याव्यात. ज्या परिसराने ऊस, दूध आणि सूत यांसाठी सहकार उभा केला, त्याला पदवीधरांसाठी तो अशक्य असण्याचे कारण नाही. संस्थाचालकांनी समन्वयकाचा अध्यापनाचा भार कमी करून त्याला या कामासाठी आठवड्यातील निश्चित तास द्यावेत, माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून एक दिवस महाविद्यालयासाठी राखून ठेवावा, आणि विद्यार्थ्यांनी शेवटच्या सत्राची वाट न पाहता प्रवेश घेतला त्याच वर्षी या खोलीत जाऊन आपले नाव नोंदवावे.